नाणे दाखवा : गोड बोलण्यामागचा कावा आणि पवित्र शास्त्र



कैसराला कर द्यावा की देऊ नये, हा प्रश्न घेऊन परूशी व हेरोदी लोक प्रभू येशूकडे आले, हा प्रसंग आपण अनेकदा ऐकला आहे (मत्तय २२:१५-२२, मार्क १२:१३-१७). वाचनचक्राच्या 'अ' वर्षात सामान्य काळाच्या एकोणतिसाव्या रविवारी, म्हणजे १६ ते २२ ऑक्टोबरच्या दरम्यान, हे शुभवर्तमान मिस्सामध्ये वाचले जाते. प्रवचनात बहुधा प्रभूच्या उत्तरावर भर असतो. आज आपण उत्तराकडे नंतर वळू. आधी पाहू या की ते लोक बोलायला सुरुवात कशी करतात.

ते त्याला गुरुजी म्हणतात. तू खरा आहेस, देवाचा मार्ग खरेपणाने शिकवतोस, कोणाची भीड धरत नाहीस, माणसाचे तोंड पाहून बोलत नाहीस, अशी स्तुती करतात. नीट पाहिले तर या स्तुतीतला एकही शब्द खोटा नाही! प्रभू येशू खरोखरच तसा होता. आपण वेदीसमोर उभे राहून त्याच्याविषयी हेच म्हणतो. मग मत्तय या लोकांना कपटी का ठरवतो? कारण येण्याआधी त्यांनी त्याला शब्दांत कसे पकडावे याची मसलत केली होती, हे तो अगोदरच सांगून टाकतो. खोटे होते ते त्यांच्या येण्याचे कारण. शिवाय ती स्तुती हाच फाशाचा पहिला वेढा होता. 'तू कोणाची भीड धरत नाहीस' असे चारचौघांत म्हटल्यावर माणूस मोघम उत्तर देऊन निसटू शकत नाही. कर द्या म्हणाला तर लोक रागावणार, देऊ नका म्हणाला तर रोमी सत्तेकडे तक्रार जाणार.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. समोरचा आपली करतो ती स्तुती खरी की खोटी, एवढ्यावरून त्याचे मन कळत नाही. आपण म्हणतो, 'पण तो बोलला ते खरंच होतं ना!' आणि तिथेच फसतो.

आपल्या शहापूर-मुरबाडकडे हे वाचन येते तेव्हा हळवे भात कापणीला आलेले असते, गरवे अजून उभे असते, आणि दिवाळी जवळ आलेली असते. पावसाळ्यात घरातला पैसा संपलेला, पोरांना कपडे घ्यायचे, कोणाच्या दवाखान्याची उधारी राहिलेली. नेमक्या याच दिवसांत वाडीवर मुकादमाची मोटरसायकल येते. तो ओटीवर बसतो, पाणी मागून पितो, पोरगी कितवीला आहे ते विचारतो. मग म्हणतो, 'दाजी, तुझ्यासारखी वीट थापणारा भिवंडीपासून पनवेलपर्यंत नाही. शेठ तुझंच नाव घेतो.' आणि उठताना काही हजारांची उचल हातावर ठेवतो. दाजी खरोखरच चांगली वीट थापतो. त्याच्या हाताला वळण आहे, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. स्तुती खरी आहे. पण ती दिवाळीच्या तोंडावर का आली? मुकादमाच्या खिशातल्या वहीत काय लिहिले गेले? हजार विटांचा दर किती धरला? आठवड्याची खर्ची मजुरीतून वजा होणार की उचलीत मिळवली जाणार? हे तेव्हा कोणी विचारत नाही. इतके गोड बोलणाऱ्याला विचारणे म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखे वाटते.

पुढचे आपल्याला माहीत आहे. दिवाळी झाली की घराला काटेरी झाप लावून कुटुंब भट्टीवर जाते, पोरांची शाळा सुटते, आणि पावसाच्या आधी हिशेब होतो तेव्हा इतके महिने राबूनही अंगावर काहीतरी बाकी निघते. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते. कातकरी बांधवांच्या किती पिढ्या यात गेल्या असतील ते देवच जाणे. सर्वच मुकादम व भट्टीवाले असे वागतात असे आम्ही म्हणत नाही; वेळच्या वेळी चोख हिशेब देणारेही असतात. पण उचलीच्या नावाखाली माणसाला अडकवून ठेवणे, कमी मजुरीत राबवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे याला वेठबिगारी म्हणतात, आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती बंद झाली आहे. त्या कायद्यानुसार असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपते. तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. हे मुकादम सांगणार नाही, म्हणून येथे छापले आहे.

आता बेनसिराकडे वळू. सिराक या नावाने ओळखला जाणारा हा ग्रंथ कॅथोलिक बायबलच्या जुन्या करारात आहे. काहींच्या घरी प्रॉटेस्टंट मंडळींनी छापलेले बायबल असते, त्यात तो बहुधा सापडणार नाही. तेव्हा शोधून दमू नका, शेजाऱ्याकडून कॅथोलिक प्रत आणा. बेनसिरा हे यरुशलेममधील गुरुजी. ख्रिस्तपूर्व १८० च्या सुमारास, म्हणजे बावीसशे वर्षांपूर्वी, त्यांनी तरुणांना शिकवलेले यात आहे. पुढे त्यांच्या नातवाने मिसर देशात त्याचे ग्रीक भाषांतर केले. या गुरुजींना बाजार, कोर्टकचेरी, मेजवान्या, उधारी सगळे जवळून ठाऊक होते.

तेराव्या अध्यायात (१३:४-७) ते श्रीमंताच्या गोड बोलण्याचे जे वर्णन करतात, ते वाचताना वाटते की हे गृहस्थ आपल्याच वाडीवर राहून गेले असावेत. तुझा उपयोग असेल तोवर तो तुला वापरील, असे ते सांगतात. तुझ्याजवळ काही असेल तर तो तुझ्या घरातलाच होऊन राहील आणि तुला रिकामा करील. त्याला गरज लागली की तो हसेल, आशा दाखवील, गोड बोलून तुला काय हवे नको ते विचारील. आपल्या पंगतीला बसवून तुला लाजवील, दोन-तीनदा धुऊन काढील, आणि शेवटी रस्त्यात भेटलास तर मान हलवून पुढे निघून जाईल.

यातला 'तुला काय हवे?' हा प्रश्न जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मित्रही हाच प्रश्न विचारतो. शब्द तेच, आवाज तोच. फरक वेळेत असतो. मित्र आपली गरज पाहून विचारतो, आणि बेनसिरांनी सांगितलेला माणूस त्याची गरज निर्माण झाली की विचारतो. म्हणून असा प्रश्न कानावर आला की मनात उलटा प्रश्न विचारावा : याला आत्ता माझ्याकडून काय हवे आहे? मेजवानीचेही तसेच. नीतिसूत्रांतही (२३:१-८) पंगतीत वाढलेल्या मिष्टान्नाविषयी दोनदा सावध केले आहे. वाढणारा जेव, पी म्हणतो, पण त्याचे मन तुझ्याजवळ नसते. जमिनीच्या व्यवहाराआधी हायवेवरच्या ढाब्यावर जी पार्टी होते तिचे बिल कोण भरतो आणि शेवटी ते कोणाकडून वसूल होते, हे ज्यांनी भरले आहे त्यांना विचारा.

सदतिसाव्या अध्यायातील सल्ला (३७:७-१५) तर प्रत्येक घराच्या दारावर लिहावा असा आहे. सल्ला देणारा प्रत्येक जण आपलाच सल्ला उत्तम म्हणतो, पण काही जण स्वतःच्या फायद्यासाठी सल्ला देतात; म्हणून आधी त्याचा स्वार्थ कशात आहे ते शोध, असे बेनसिरा सांगतात. मग ते कोणाला काय विचारू नये याची यादीच देतात : भित्र्याला लढाईविषयी, आळशाला कामाविषयी, व्यापाऱ्याला सौद्याविषयी, आणि विकत घेणाऱ्याला विक्रीविषयी. शेवटचे पुन्हा वाचा. आपण नेमके तेच करतो! जमीन घ्यायला आलेल्या दलालालाच विचारतो, 'शेठ, तुम्हीच सांगा, काय भाव येईल?'

विकत घेणाऱ्याची आणखी एक खोड नीतिसूत्रांत (२०:१४) नोंदवली आहे. घेताना तो माल वाईट आहे, वाईट आहे म्हणतो आणि घरी जाताना आपण कसा सौदा मारला याची बढाई मारतो. म्हशाच्या यात्रेत पौष पौर्णिमेपासून जो बैलबाजार भरतो तो ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे समजावून सांगायला नको. बैलाचे दात पाहायचे, पाय पाहायचे, नाक मुरडायचे, आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा. पण बैलबाजारात निदान दोघांनाही खेळ ठाऊक असतो. जमिनीच्या बाबतीत तसे नसते. आपल्याकडे येऊन 'काय मामा, नुसती वरकस, खडक आणि गवत, यात काय पिकतंय?' असे म्हणणारा माणूस तीच टेकडी मुंबईच्या गिऱ्हाइकाला निसर्गाच्या कुशीतला प्लॉट म्हणून विकतो. जमिनीची निंदा आणि मालकाची स्तुती ही दोन्ही एकाच तोंडातून, एकाच बैठकीत निघतात. जमीन वाईट, पण मामा फार मोठ्या मनाचे! मामांना असे हरभऱ्याच्या झाडावर चढवले की मोठ्या मनाने सही करण्याखेरीज त्यांना मार्ग उरत नाही.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो आपल्या शहापूर तालुक्यातून जातो. रस्त्याबद्दल येथे काही म्हणायचे नाही, आणि जमीन विकणे हे पापही नाही. पण मोठा रस्ता आला की आजूबाजूच्या जमिनीकडे वळणारी नजर बदलते, हे आपण पाहत आहोत. अशा वेळी नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) मुळापासून वाचावी. अहाब राजा नाबोथाशी सुरुवातीला गोडच बोलला. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे, असे म्हणाला. नाबोथाने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला. पुढे ईजबेल राणीने जी पत्रे लिहिली त्यातली एक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते : नाबोथाला धोंडमार करण्याआधी तिने त्याला लोकांमध्ये मानाच्या जागी बसवायला लावले. उपवासाची, प्रार्थनेची सभा, त्यात मानाचे आसन, आणि समोर दोन विकत घेतलेले साक्षीदार! मान देऊन मारण्याची ही रीत फार जुनी आहे. एरवी आपल्याला कोणी खुर्ची देत नाही, आणि एके दिवशी अचानक शाल-नारळ देऊन स्टेजवर बसवतात, तेव्हा बसण्याआधी इकडेतिकडे पाहायला हरकत नाही.

कायदाही येथे आपल्या बाजूला उभा आहे, तो माहीत असावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण तो विकताच येत नाही. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला जमीन हातातून जाण्यापासून वाचवण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा 'परवानगीचं मी बघतो, तू फक्त अंगठा दे', किंवा 'तुमच्यातल्याच एकाच्या नावावर घेऊ' असे म्हणणारा कितीही प्रेमाने बोलत असला तरी तो आपल्याला कायद्याबाहेर नेत आहे. कोऱ्या कागदावर सही आणि न वाचलेले कुलमुखत्यारपत्र ही दोन दारे अशी आहेत की एकदा उघडली की बंद करायला वर्षे जातात.

तहसील कचेरीच्या फाटकाशी भेटणारा माणूसही बायबलमध्ये आहे. दावीद राजाचा मुलगा अबशालोम पहाटे उठून वेशीच्या वाटेवर उभा राही (२ शमुवेल १५:१-६). कोणी तक्रार घेऊन आला की तो त्याला बोलावून गाव विचारी, तुझी बाजू अगदी न्यायाची आहे म्हणे, पण राजाकडे तुझे ऐकणारा कोणी नाही असेही म्हणे. मी न्यायाधीश असतो तर! कोणी पाया पडू लागला तर त्याला उचलून मुका घेई. त्याने एकाही माणसाची तक्रार तपासली नव्हती, हे लक्षात घ्या. दुसऱ्या बाजूचे न ऐकताच तो प्रत्येकाला तूच बरोबर म्हणत होता. नीतिसूत्रे (१८:१७) सांगतात की पहिला बोलणारा खराच वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. भावाभावांच्या बांधाच्या भांडणात दोन्ही भावांना वेगवेगळे गाठून 'तूच जिंकशील' म्हणणारे आपण पाहिले आहेत. बांध एक हात सरकतो न सरकतो, शेत मात्र फी भरण्यात जाते.

शेवटी अबशालोमाने बंड केले तेव्हा त्याच्यासोबत यरुशलेमहून दोनशे माणसे गेली. ती आमंत्रणावरून भोळेपणाने गेली होती, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता, असे पवित्र शास्त्र मुद्दाम नोंदवते (१५:११). त्यांना कोणी मूर्ख म्हटलेले नाही. फसवलेल्याला हसण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे. म्हणून फसलेला माणूस लाजेने गप्प राहतो आणि तोच मुकादम, तोच दलाल पुढच्या वाडीवर जातो. कपट भरसभेत उघडे पडेल असे नीतिसूत्रे (२६:२६) म्हणतात. पण सभेत कोणी बोललेच नाही तर ते उघडे कसे पडणार?

याच अध्यायात (२६:२३) गोड ओठ आणि दुष्ट मन यांना चांदीच्या मळीचा लेप दिलेल्या मातीच्या भांड्याची उपमा आहे. आपल्या आयाबहिणी बाजारात मडके घेताना वरचा रंग पाहून पैसे देत नाहीत. बोटाने टिचकी मारतात, आवाज ऐकतात. बेनसिराही (२७:५) म्हणतात की कुंभाराच्या भांड्यांची परीक्षा भट्टीत होते.

आता थोडे आपल्याविषयी. कारण गोड बोलणारा नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. वाडीवर शिरायला त्याला आपल्यातलाच एखादा लागतो. मुकादमाकडून माणशी काही रुपये घेऊन, दलालाकडून टक्केवारी घेऊन आपणच आपल्या भाऊबंदांना 'चांगला माणूस आहे, घे' असे सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई परिसरात टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांचा घोटाळा उघडकीस आला. दर आठवड्याला परतावा देऊ असे सांगून हजारो लोकांकडून पैसे घेतले गेले होते, आणि नवे गुंतवणूकदार आणणाऱ्याला वेगळे कमिशन होते. त्यामुळे बहिणीने बहिणीला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला आत ओढले. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४८०) खुशामतीचा विचार स्पष्ट केला आहे. केवळ समोरच्याला बरे वाटावे, अडचण टळावी म्हणून केलेली खुशामत हे लहान पाप असू शकते. पण ज्या खुशामतीने आपण दुसऱ्याच्या दुष्कर्माचे भागीदार होतो ती गंभीर चूक ठरते. कमिशन घेऊन केलेली स्तुती कोणत्या बाजूला पडते, हे कबुलीसंस्काराला जाण्याआधी ज्याने त्याने पाहावे. संत पौल थेस्सलनीकाकरांना ठामपणे सांगू शकले की आपण कधी खुशामत केली नाही आणि लोभ लपवायला सोंगही घेतले नाही (१ थेस्स. २:५). आम्हा धर्मशिक्षक व समूहप्रमुख मंडळींनाही हे वाक्य आरशासारखे आहे. फादरांच्या पुढे एक आणि फाटकाबाहेर एक, हे आपल्यातही चालते.

याचा अर्थ कोणी चांगले बोलले की संशय घ्यायचा, असा मुळीच नाही. पोराच्या पाठीवर थाप हवीच. थकलेल्या बाईला 'भाकरी छान झाली' एवढे म्हटल्याने घर उजळते. पण मित्राने केलेली जखम विश्वासाची असते आणि वैऱ्याची चुंबने भरमसाट असतात, असे नीतिसूत्रांत (२७:६) सांगितले आहे. घरात कोणीतरी असतेच : म्हातारी आजी म्हणते, 'हा माणूस मला बरा वाटत नाही.' कॉलेजला जाणारा पुतण्या म्हणतो, 'काका, आधी कागद वाचू द्या.' अशा वेळी आपण पाहुण्यांसमोर त्यांनाच गप्प बसवतो. त्यांचे बोलणे टोचते, मुकादमाचे सुखावते. बेनसिरा तर म्हणतात की माणसाचे स्वतःचे मन बुरुजावरच्या सात पहारेकऱ्यांपेक्षा जास्त सांगते (३७:१४), आणि त्यापुढे लगेच परात्पर देवाची प्रार्थना करायला सांगतात. पोटात काही खटकले तर एक रात्र थांबावे, घरात रोझरी म्हणावी आणि सकाळी पुन्हा विचार करावा. एका रात्रीने जो सौदा मोडतो तो मोडलेलाच बरा.

आता प्रभूच्या उत्तराकडे. त्याने त्यांच्या स्तुतीचे आभार मानले नाहीत, की तिच्यावर वाद घातला नाही. त्याने त्यांचे कपट ओळखून तसे तोंडावर सांगितले आणि मग कराचे नाणे दाखवा म्हणाला. ते एक दिनार होते, त्या काळची एका दिवसाची मजुरी. नाणे त्यांच्याच कमरेच्या कशात निघाले. त्यावर मुखवटा कोणाचा, लेख कोणाचा, हेही त्याने त्यांच्याकडूनच वदवून घेतले. बोलण्यावरून बोलणे न वाढवता त्याने वस्तू मागितली, हातात घेण्यासारखी, सगळ्यांना दिसेल अशी. मत्तय लिहितो की ते थक्क झाले आणि त्याला सोडून निघून गेले.

आपल्याला मागता येतील अशी नाणी अशी : मुकादमाकडून हजार विटांचा दर, उचल आणि आठवड्याची खर्ची लिहिलेला, त्याच्या सहीचा कागद, आणि त्याची एक प्रत आपल्या घरात. भट्टीच्या मालकाचे नाव व ठिकाण. जमीन घेणाऱ्याकडून परवानगीचा आदेश, साठेकराराचा मसुदा दोन दिवस घरी ठेवायला, आणि मोजणीचा नकाशा. पैसे दुप्पट करून देणाऱ्याकडून नोंदणीचा दाखला. खरा माणूस यावर रागावत नाही, थोडा वेळ लागेल एवढेच म्हणतो.

या आठवड्यात संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत सिराक ३७:७-१५ सावकाश वाचावे, आणि ज्यांच्या घरी उचलीचा किंवा जमिनीचा एखादा न समजलेला कागद पडून आहे त्यांनी तो रविवारी मिस्साला येताना सोबत आणावा. आपल्यात शिक्षक आहेत, कॉलेजची मुले आहेत. मिस्सा झाल्यावर बसून शब्दन् शब्द वाचून दाखवतील. सही त्यानंतर.